वजनाची वही: मनाच्या गोळ्या नुकत्या सुरू झालेल्यांसाठी

गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात वजन करा आणि तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच करा. मी केलं नव्हतं, आणि त्यामुळे पुढचे कितीतरी महिने मी चुकीच्या आकड्याशी भांडत बसले.

मला नैराश्य आणि चिंता, दोन्हींचा त्रास आहे. आजार जोरात होता तेव्हा जेवण तुटलं होतं. पोळीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा. मानसोपचारतज्ज्ञांनी आधी एस्सिटालोप्राम दिलं. झोप आणि भूक दोन्ही गेल्या आहेत हे बघून रात्रीसाठी मिर्टाझापिन जोडलं. दोन-तीन महिन्यांत मी माणसात आले. कामावर जायला लागले, फोन उचलायला लागले. आणि सातव्या महिन्यात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले, तर ६४ किलो. माझ्या डोक्यात माझं वजन ५८ होतं. मी तिथेच ठरवलं की या गोळ्यांनी माझं वाटोळं केलं.

घरी आई म्हणाली, "अगं, तू किती वाळली होतीस ते तुला आठवत तरी आहे का?" नव्हतं आठवत. पुढे फॅमिली डॉक्टरांकडचा एक जुना कागद सापडला. आजाराच्या ऐन भरात तापासाठी गेले होते तेव्हाचा. त्याच्या कोपऱ्यात ५१ लिहिलं होतं. म्हणजे काट्याच्या हिशेबाने १३ किलो वाढले, पण त्यातले ७ माझेच होते, आजाराने नेलेले. गोळीच्या नावावर टाकायचे ते ६. सहा किलो काही कमी नाहीत. पण तेरा किलोंनी माणूस घाबरून गोळी फेकून देतो, आणि सहा किलोंवर डॉक्टरांशी शांतपणे बोलता येतं.

आधी तीन आकडे

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन वजनं लिहा: आजारी पडण्याआधीचं, गोळी सुरू झाली त्या दिवशीचं, आणि आजचं. आधीचं आठवत नसेल तर जुन्या तपासण्यांचे कागद, विम्याची वैद्यकीय तपासणी, रक्तदान शिबिराचं कार्ड, कुठेतरी सापडतंच.

चौथा आकडा कंबरेचा. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोब्बर मधे, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की साखर आणि हृदय यांची काळजी सुरू करायची असते. वजनाचंही तसंच आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, म्हणजे बीएमआय, आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. माझी उंची १५७ सेंटिमीटर. माझ्यासाठी २३ म्हणजे साधारण ५६.७ किलो आणि २५ म्हणजे ६१.६. तुमचे दोन आकडे एकदा काढून वहीच्या कव्हरच्या आत लिहून ठेवा, रोज भागाकार करत बसू नका.

वजन आठवड्यातून एकदाच. तोच काटा, तोच वार, सकाळी संडासला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी. रोज बघू नका. मिठाचं खाणं, पाळी, बद्धकोष्ठता यांनी किलो-दीड किलो सहज वर-खाली होतं. चिंतेच्या माणसाला रोजचा काटा म्हणजे रोजची नवी काळजी. मी रविवार धरलाय.

गोळीचं खरं नाव वाचा

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते वहीत उतरवा. कंपनी बदलली, जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घेतली, तरी ते नाव तेच राहतं. आणि "मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतो" एवढ्यावरून वजनाबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही, कारण या गोळ्या एकमेकींपेक्षा फार वेगळ्या आहेत.

वजन जास्त वाढवणाऱ्यांत मिर्टाझापिन पुढे आहे. मेंदूतल्या हिस्टामिनचं काम ते अडवतं, त्यामुळे झोप येते आणि भूकही वाढते. शिवाय पोट भरल्याची खूण देणारी एक वाट ते बंद करतं. जुन्यांपैकी अमिट्रिप्टिलिनचंही तसंच. तुम्हाला ते अर्धशिशीसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं असलं तरी वजनाच्या खात्यात धरा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांच्या गटात पॅरोक्सेटिन जास्त वजन वाढवतं. फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला भूक थोडी कमीच होते. ब्युप्रोपिऑनने वजन बहुधा वाढत नाही, काहींचं उतरतं.

डॉक्टरांनी जोडीला ओलँझापिन किंवा क्वेटियापिन दिलं असेल, अगदी झोपेसाठी थोडंसं का असेना, तर ते वहीत लाल पेनाने लिहा. यांनी वजनाबरोबर रक्तातली साखर आणि चरबीही वाढू शकते. ओलँझापिन यात सगळ्यात पुढे. या गोळ्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, कित्येकांना त्यांनीच उभं केलंय. पण त्या चालू असताना उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा झालंच पाहिजे. कोणी सांगितलं नाही तर आपण विचारायचं.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक अभ्यास सांगते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८३ हजार लोकांच्या नोंदी तपासून आठ गोळ्यांची तुलना छापून आली. सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढण्याची शक्यता १० ते १५ टक्के जास्त निघाली, तर ब्युप्रोपिऑनवाल्यांत १५ ते २० टक्के कमी. पण किलोत बघितलं तर सहा महिन्यांनंतर सर्ट्रालिन आणि बाकीची प्रत्येक गोळी यांतला सरासरी फरक अर्ध्या किलोच्याही आत होता. मिर्टाझापिन त्या यादीत नव्हतं. सरासरी अशी लहान असते, आणि तिच्या पोटात एखादं माणूस दहा किलो वाढलेलं असतं. तुमचं काय होतंय ते तुमची वहीच सांगणार.

आणखी एक. थायरॉइड मंदावला तरी वजन वाढतं, मरगळ येते, मन उतरतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली नसेल तर करून घ्या. सगळं पाप गोळीच्या माथी मारण्याआधी ही एक साधी तपासणी.

आपल्या मनाने गोळी बंद करू नका

मी केली होती. एका गुरुवारी रात्री दोन्ही गोळ्या घेतल्याच नाहीत, घरात कोणाला सांगितलंही नाही. रविवारी मान वळवली की डोक्यात झिणझिणी उठायची, वीज चमकून गेल्यासारखी. भोवळ, मळमळ, झोप गायब, आणि कोणी काही बोललं की डोळ्यांत पाणी. पंधरा दिवसांत ते ओसरलं आणि मला वाटलं, सुटले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, आणि उठून दार उघडायचं माझ्याच्याने झालं नाही. मी अंथरुणात पडून ती बेल ऐकत होते. तीनदा वाजली. आजार परत आला होता.

वजन? त्या सहा आठवड्यांत दोन किलो उतरलं. ते गोळी सोडल्यामुळे थोडं आणि जेवण सुटल्यामुळे जास्त.

म्हणून सांगते, अगदी हात जोडून. गोळी कमी करायची असेल, बदलायची असेल, तर ते हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. क्लोनाझेपामसारखी चिंतेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम तोडल्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. एक दिवसाआड घेणं, अर्धी मोडून घेणं, असले घरगुती प्रयोग नकोत.

डॉक्टरांना नेमकं काय म्हणायचं

"डॉक्टर, वजन फार वाढलंय हो," असं म्हटलं की उत्तर येतं, "थोडं चाला, गोड कमी करा." यात डॉक्टरांचा दोष मी धरत नाही. बाहेर वीस माणसं बसलेली असतात. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तर विचारूच नका. आपलं वाक्यच मोघम असतं.

त्याऐवजी वही उघडून पुढे ठेवा आणि म्हणा: "गोळी सुरू झाली तेव्हा ५६ होते, दहा आठवड्यांत ६० झाले. खाण्यात रात्री साडेदहानंतरची भूक वाढली आहे. मन बरं आहे, झोप सात तास. मला गोळी सोडायची नाही, पण वजनाचं काय करता येईल?" शेवटचं वाक्य गाळू नका. ते ऐकलं की समोरच्या डॉक्टरांची काळजी एकदम उतरते आणि बोलणं वेगळ्याच वळणावर जातं. मी हे खुर्चीत बसून अनुभवलंय.

किती वाढलं की जायचं? सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के ही खूण धरा. ५६ किलोच्या माणसाला म्हणजे पावणेतीन किलो. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच तेवढं वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. सुरुवातीला भराभर वाढणाऱ्यांचं पुढेही वाढत जातं, आणि दोन-तीन किलोंना आवर घालणं बारा किलोंपेक्षा कितीतरी सोपं असतं. फार तहान, सारखी लघवी, पायावर सूज, धाप, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी फोन करा.

डॉक्टरांच्या हातात काही वाटा असतात. मात्रा बदलणं, घेण्याची वेळ बदलणं, दुसऱ्या गोळीकडे सावकाश नेणं. ब्युप्रोपिऑनचं नाव तुम्ही वाचून गेलात तर तेही विचारा, पण फिट येणाऱ्यांना किंवा खाऊन उलटी काढण्याचा आजार असलेल्यांना ते देत नाहीत, आणि काहींची चिंता त्याने वाढते. ओलँझापिनसारख्या गोळीने वाढलेल्या वजनासाठी काही वेळा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध देतात. वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची सध्या खूप चर्चा आहे. ती घ्यायची का हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या मनाच्या गोळ्या माहीत असल्या पाहिजेत, आणि मानसोपचारतज्ज्ञांना ते इंजेक्शन.

आणि कधीकधी डॉक्टर म्हणतात, "आत्ता काहीच बदलू नका, सहा महिने मन स्थिर राहू दे." माझ्या डॉक्टरांनी तेच म्हटलं. ऐकायला जड गेलं, पण बेलच्या त्या सकाळनंतर मला ते पटलं.

वजन उतरवण्याची चूर्णं, काढे, ऑनलाइन मिळणाऱ्या कॅप्सूल यांना मात्र दारात उभं करू नका. सिब्युट्रामिन नावाच्या औषधावर भारतात २०११ मध्येच बंदी आली, तरी "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात ते जगभर सापडत आलंय. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीबरोबर ते पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

रात्री साडेदहाची भूक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे सहातले निम्मे किलो इथेच वाढले.

ही भूक नेहमीसारखी नसते. जेवण होऊन दोन तास झालेले, पोट रिकामं नाही, तरी आतून काहीतरी ओढतं. आणि ते गोड किंवा तळलेलंच मागतं. मी स्वयंपाकघरात जायचे, दिवा न लावता. ओट्याशेजारच्या मांडणीवर फरसाणाचा स्टीलचा डबा. झाकण वाजू नये म्हणून पोटाशी धरून उघडायचे आणि उभ्या-उभ्या मूठ-मूठ खायचे. मग साखरांब्याचा एक चमचा. मग अजून एक. सकाळी डब्यात बघून नवरा म्हणायचा, "कालच भरलाय ना गं?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की ही भूक औषधाची आहे, तुमच्या स्वभावाची नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी दिवा लावून खाल्लं. तिथून पुढे हे जमत गेलं:

गोळी आणि झोप यांतलं अंतर कमी केलं. आधी मी जेवल्यावर नऊला गोळी घेऊन अकरापर्यंत टीव्ही बघायचे, म्हणजे भूक चढायची आणि मी जागी. डॉक्टरांना विचारून आता दहाला गोळी आणि लगेच अंथरूण. तुमच्या गोळीची वेळ वेगळी असू शकते, विचारूनच बदला.

रात्रीचं जेवण वाढवलं. हो, वाढवलं. पूर्वी वजनाच्या धास्तीने एक पोळी आणि भाजी खायचे आणि मग डब्यावर तुटून पडायचे. आता मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, नाहीतर पिठलं, अंडं किंवा पनीर. बरोबर कोशिंबीर आणि एक भाकरी किंवा दोन फुलके. डाळी-कडधान्यांनी पोट टिकतं. भाकरीत जादू नाही, पिठाच्या वजनाला कॅलरी पोळीएवढ्याच. पण तिला तेल लागत नाही आणि चावायला वेळ लागतो.

तरी भूक लागलीच तर काय खायचं, ते संध्याकाळीच ठरवून वाटीत काढून ठेवायचं. माझी वाटी फुटाण्यांची, आणि एक पेला ताक. बसून, दिवा लावून. डबा माळ्यावर गेला. घरच्यांना सांगावं लागलं. सासूबाई आधी म्हणाल्या, "खाऊ दे की तिला, आत्ता कुठे अंगावर जरा मांस चढलंय." त्यांनीही मला वाळताना बघितलं होतं. त्यांच्या शेजारी बसून वही दाखवली, तर दुसऱ्या दिवशी फुटाणे त्यांनीच मंडईतून आणले.

तोंडाला कोरड पडणं हा या गोळ्यांचा नेहमीचा त्रास, आणि त्यापायी कोल्ड्रिंक, सरबत, चहा वाढतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा, बडीशेप चघळा.

चहाचं गणित स्वतः करून बघा. मी ऑफिसात तीन आणि घरी तीन कप घेत होते. कपाला दोन चमचे म्हणजे बारा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, आणि त्यात बिस्किटातली, जॅममधली साखरही आली. अमृततुल्यचा चहा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. दिवसातून एकदा, मैत्रिणीबरोबर. बाकीचे कप तीनवर आले, त्यांत अर्धा चमचा. जीभ तीन आठवड्यांत वळते.

तेलाचं गणित घराचं असतं. आमच्या चौघांना महिन्याला पाच लिटर लागायचं, म्हणजे माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर. फोडणी पळीने घालायची सोडून चमच्याने मोजून घालायला लागलो, आता साडेतीन लिटरमध्ये भागतं. एकट्या माझ्या पोटात दिवसाला शंभरएक कॅलरी कमी जातात, आणि कोणाचं ताट वेगळं वाढावं लागत नाही.

उपवास. साबुदाणा खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वेफर. उपवासाच्या दिवशी आपण एरवीपेक्षा जास्त खातो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. करायचाच असेल तर वरीचे तांदूळ, ताक, राजगिरा, रताळं, फळं. गोळी मात्र उपवासाला चालते, चुकवू नका. आणि लिथियम (मनाचे चढ-उतार आवरणारी गोळी) घेत असाल तर निर्जळी उपवास नकोच. अंगातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होऊ शकतो.

चालणं, चपला घालण्यापासून

"पहाटे टेकडीवर जात जा," हा सल्ला पुण्यात प्रत्येकजण देतो. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण मिर्टाझापिन किंवा क्वेटियापिनवर असलेल्या माणसाला सकाळी साडेपाचला डोळेच उघडत नाहीत. मग जमत नाही म्हणून आणखी एक अपराध डोक्यावर. संध्याकाळी चाला. दुपारी चाला. डोळे उघडे असतील तेव्हा चाला.

माझा पहिल्या आठवड्याचा नियम एवढाच होता: चपला घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं. गेटला हात लावून परत आले तरी वहीत टिक. पाचव्या दिवशी गेटच्या पुढे गेले. मग दहा मिनिटं, मग जेवणानंतर पंधरा. जेवणानंतरच्या चालण्याने साखरही ताब्यात राहते. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगतात, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. तिथवर पोचायला मला चार महिने लागले.

सपाट जागांपासून सुरू करा. जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग, सारसबाग, सिंहगड रस्त्याकडच्यांना पु. ल. देशपांडे उद्यान. माणसांची वर्दळ असते, बाकं असतात, थकलं तर बसता येतं. मग तळजाई. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी सहाव्या महिन्यात चढले, चारदा थांबून. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी सुंदर आहेत, पण अंधारात एकट्याने नको. आणि गोळ्यांमुळे उठल्या-उठल्या चक्कर येत असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, पायऱ्या नंतर.

कामाला जाणाऱ्यांनी मेट्रोचं एक स्टेशन आधी उतरावं. मी आयडियल कॉलनीऐवजी नळस्टॉपला उतरते. घरी पोचायला थोडा उशीर होतो, पण ऑफिसातलं डोक्यातलं निम्मं वाटेतच सांडतं.

लोक बोलतील तेव्हा

हळदीकुंकवाला, लग्नात, लिफ्टमध्ये. "अगं बाई, सुटलीस की!" यावर माझं ठरलेलं वाक्य आहे: "औषध चालू आहे, त्याने होतं. डॉक्टर बघतायत." कोणतं औषध ते सांगायचं बंधन नाही. घरच्यांना मात्र सांगा की वजनावरून टोमणा मारला की गोळी सोडायची इच्छा होते. बहुतेकांना हे माहीतच नसतं, आणि कळल्यावर ते खरंच सांभाळून बोलतात.

वजनाच्या रागाने जेवण टाळून मग बकाबका खाणं, खाऊन उलटी काढणं, आरशासमोर जायची भीती वाटणं, हे सुरू झालं असेल तर लपवू नका. तो वेगळा त्रास आहे आणि त्यावर वेगळा उपचार आहे. जगणं नकोसं वाटायला लागलं तर वजन राहू दे बाजूला. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

वहीचं पान

शंभर पानी साधी वही घ्या. आडवी धरून रकाने पाडा: तारीख, वजन, कंबर, गोळी घेतली का, झोप किती तास, रात्रीची वाटी, चाललेली मिनिटं. वजनाचा रकाना आठवड्याला एकदा भरायचा, कंबरेचा महिन्याला, बाकीचे रोज. शेवटचा रकाना मनाचा, एक ते दहा. तो गाळला तर डॉक्टरांना अर्धीच गोष्ट दिसते.

उतरण्याची गती धीमी धरा. गोळी चालू असताना महिन्याला किलोभर म्हणजे उत्तम, आणि पहिले दोन-तीन महिने वजन नुसतं वाढायचं थांबलं तरी वहीत ठळक लिहा. माझं ६४ वरून ६०.५ वर यायला अकरा महिने लागले. मधे दिवाळीत दीड किलो परत आलं, संक्रांतीपर्यंत गेलं. एस्सिटालोप्राम चालू आहे, मिर्टाझापिन डॉक्टरांनी निम्मं केलंय.

गेल्या रविवारची माझी ओळ अशी आहे: ६०.५, कंबर ८३, गोळी घेतली, झोप सव्वासात, फुटाणे अर्धी वाटी, चालणं ३५ मिनिटं, मन ७.